अल्फा ०.९३ आला, पण मोजलं काय?

शिक्षणशास्त्रात पीएचडी करणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आहे. व्हिडिओवरच्या तासांनी विद्यापीठातले विद्यार्थी किती थकतात, हे तिला मोजायचं आहे. त्यासाठी तिनं स्टॅनफर्डमध्ये तयार झालेली पंधरा प्रश्नांची इंग्रजी प्रश्नावली घेतली, स्वतः मराठीत आणली, कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांकडून तपासून घेतली आणि आणखी एकाकडून परत इंग्रजीत करवली. परत आलेलं इंग्रजी मुळाशी जवळजवळ तंतोतंत जुळलं. गूगल फॉर्म फिरवला, २१२ जणांनी भरला, आणि प्रश्न आपापसात किती जुळतात ते शून्य ते एकच्या पट्टीवर सांगणारा क्रोनबाखचा अल्फा ०.९३ आला. गाइड म्हणतात, झालं, आता पुढचा चॅप्टर लिहायला घ्या. पण तिला एक गोष्ट खटकते आहे. प्रश्नावलीत थकव्याचे पाच प्रकार वेगवेगळे मोजायचे आहेत. तिच्या आकड्यांत मात्र त्यातले तीन एकमेकांना असे चिकटलेत की वेगळे दिसतच नाहीत, डोळ्यांचे प्रश्न तेवढे नीट बाजूला राहिलेत आणि ‘सामाजिक’ गटातले तीन प्रश्न आपापसातही जुळत नाहीत. ‘भाषांतर तर बरोबर आहे, मग चुकलं कुठे, की मीच जास्त विचार करतेय?’

जास्त विचार करत नाही आहात. गाइडही सपशेल चूक आहेत असं नाही. ०.९३ हा आकडा प्रबंधात शोभून दिसतो, पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर आहे तो तुमचा प्रश्नच नाही. तुमचा प्रश्न असा आहे: इंग्रजीत पाच वेगळ्या गोष्टी विचारणारी वाक्यं मराठीत आल्यावर पाचच गोष्टी विचारतात, की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात?

गेली अठरा वर्षं मी आरोग्य आणि शिक्षण या दोन क्षेत्रांतल्या प्रश्नावल्यांची भाषांतरं करते, आणि हा फरक शिकायला मला एक अख्खा प्रकल्प वाया घालवावा लागला. रुग्णांच्या थकव्याची प्रश्नावली होती. आम्ही लिहिलं, ‘तुम्हाला थकल्यासारखं वाटतं का?’ साठीच्या पुढच्या बायका हसून म्हणायच्या, ‘आता थकणारच की!’ चारशे फॉर्म भरून झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. ‘आजी आता फार थकल्यात’ असं आपण म्हणतो तेव्हा आजींना झोपेची गरज आहे असं म्हणत नसतो, त्यांचं वय झालंय असं म्हणत असतो. आमची प्रश्नावली आजार मोजत नव्हती, वय मोजत होती. व्याकरण बिनचूक, परतभाषांतर बिनचूक, मापन फसलेलं.

तर तुमच्या प्रश्नावलीकडे. ‘झूम एक्झॉशन अँड फटीग स्केल’, थोडक्यात झेफ, २०२१ साली जेराल्डिन फोव्हिल, जेरेमी बेलेन्सन, जेफ हॅनकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. ती कशी बनली हे एकदा लक्षपूर्वक बघा. आधी त्यांनी मुलाखती घेतल्या. त्यातून ४९ प्रश्न निघाले. ते ३९५ जणांना विचारून, घटक विश्लेषण करून, म्हणजे कुठल्या प्रश्नांची उत्तरं एकत्र वर-खाली होतात ते बघून त्यांचे गट पाडून, १५ उरवले. पाच घटक, प्रत्येकी तीन प्रश्न: सर्वसाधारण थकवा, डोळ्यांचा, सामाजिक, उमेदीचा आणि भावनिक. मग २,७२४ जणांवर पडताळणी केली. मीटिंगा जितक्या जास्त, जितक्या लांब आणि मध्ये उसंत जितकी कमी, तितका थकवा जास्त, हे त्यात दिसलं.

म्हणजे ४९ मधले ३४ प्रश्न गाळले गेले ते इंग्रजीत उत्तरं देणाऱ्यांच्या आकड्यांवरून. कुठले शब्द एकमेकांपासून पुरेसे लांब आहेत आणि कुठले एकाच माळेचे मणी आहेत, हे इंग्रजी कानांनी ठरवलं. आपण त्या निवडीचा निकाल फक्त उचलून आणतो. मराठी कानांना तो निकाल मान्य आहे का, हे अजून कुणी विचारलेलंच नसतं.

शब्दांकडे वळण्याआधी परिस्थितीचं बोलायला हवं, कारण पुढचं बरंचसं तिच्यावर अवलंबून आहे. बेलेन्सन यांनी त्याच वर्षी एका लेखात झूमच्या थकव्याची चार कारणं मांडली: पडद्यावरचे चेहरे खूप जवळून एकटक आपल्याकडे बघत असल्यासारखे वाटणं, स्वतःचा चेहरा सतत आरशात असल्यासारखा दिसणं, कॅमेऱ्याच्या चौकटीत जखडून बसावं लागणं आणि हावभाव देण्या-ओळखण्यासाठी मेंदूला पडणारे जादा कष्ट. आता तुमच्या २१२ विद्यार्थ्यांपैकी किती जण कॅमेरा चालू ठेवून बसतात? माझ्या बघण्यातलं चित्र असं: तास गूगल मीटवर, कॅमेरा बंद, माइक बंद, मोबाइल उशीला टेकवलेला, एका कानात इअरफोन. आरसा नाही, रोखलेल्या नजरा नाहीत, चौकटही नाही. मुलगी लेक्चर ऐकता ऐकता भाजी निवडू शकते, आणि निवडतेच. तिला थकवा येत नाही असं मी म्हणत नाही. येतो, पण वेगळ्या वाटेनं येतो: आवाज तुटतो, ‘सर, ऐकू येत नाहीये’ म्हणायचा संकोच, पाच इंचांच्या पडद्यावर स्लाइडमधलं बारीक अक्षर, डेटा संपत आल्याची धाकधूक.

त्यामुळे फॉर्मच्या सुरुवातीला थकव्याआधी सवयीचे प्रश्न घाला. आठवड्यात असे तास किती, एका दिवसात सलग किती, दोन तासांमध्ये किती मिनिटांची मोकळीक, मोबाइल की लॅपटॉप, कॅमेरा बहुधा चालू की बंद, बसायची जागा कुठली. ही नुसती माहिती नाही. सलग तास जास्त असणाऱ्यांचे गुण वाढलेले दिसले, तर मूळ संशोधकांना दिसलेलीच गोष्ट तुम्हालाही दिसली. हा तुमच्या मराठी आवृत्तीच्या बाजूचा, कुठल्याही अल्फापेक्षा वजनदार पुरावा ठरेल.

आणि नेमकं काय मोजता आहात तेही फॉर्ममध्येच स्पष्ट करा. तुमच्या मसुद्यात ‘व्हिडिओ परिषदेनंतर’ असं आहे. परिषद म्हटलं की पोरांच्या डोळ्यांसमोर बॅनर आणि सत्काराच्या शाली येतात. ‘मोबाइल किंवा कॉम्प्युटरवरच्या लाइव्ह लेक्चरनंतर’ असं सरळ लिहा, आणि खाली एक ओळ टाका: गूगल मीट, झूम, टीम्स यांवर शिक्षक त्याच वेळी शिकवत असतात ते तास, आधी रेकॉर्ड केलेले व्हिडिओ यात धरू नका. ही ओळ गरजेची आहे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन मंचावरून करायची मुभा दिली आहे. ते व्हिडिओ हवे तेव्हा थांबवता येतात, त्यांचा थकवा वेगळा. तुमच्या नमुन्यात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासारख्या ठिकाणचे, दिवसभर नोकरी करून संध्याकाळी तासाला बसणारे विद्यार्थी असतील, तर त्यांचा आकडा वेगळा काढा. सात वाजता बसलेला माणूस तासाआधीच दमलेला असतो.

आता शब्द. तुम्ही जोडलेला मसुदा वाचला आणि एक साधी मोजणी केली. पंधरापैकी पाच प्रश्नांत ‘थकलेले’ हाच शब्द आहे: थकलेले, अत्यंत थकलेले, मानसिकदृष्ट्या थकलेले, भावनिकदृष्ट्या थकलेले आणि इतर कामे करण्यासाठी खूप थकलेले. हे पाच प्रश्न तीन वेगळ्या घटकांत विखुरलेले आहेत, आणि तुमचे नेमके तेच तीन घटक चिकटले आहेत. वाचणारा ‘मानसिकदृष्ट्या’ आणि ‘भावनिकदृष्ट्या’ हे लांबलचक शब्द डोळ्यांआड करतो. त्याला ‘थकलेले’ दिसतं, तो मागच्या खेपेला दिलेलं उत्तर पुन्हा देतो. डोळ्यांचे प्रश्न तेवढे बचावले, कारण तिथे ‘डोळे’ हा शब्द खुंटीसारखा घट्ट रोवलेला आहे.

इंग्रजीतही हे शब्द शेजारशेजारचेच आहेत, तरी त्यांच्यात अंतर आहे. मराठीत ते अंतर राखायचं तर विशेषणांमागे न लागता क्रियापदांकडे जावं लागतं. आपली भाषा शरीराचं आणि मनाचं दुखणं क्रियापदांत सांगते: दमायला होतं, गळून जायला होतं, डोकं जड होतं, डोकं चालेनासं होतं, मन लागत नाही, जिवावर येतं. माझा पहिला मसुदा असा असता: ‘लाइव्ह लेक्चरनंतर तुम्हाला किती दमायला होतं?’, ‘किती गळून गेल्यासारखं वाटतं?’, ‘डोकं किती चालेनासं होतं?’ तिन्हीत ‘थकलेले’ एकदाही नाही, आणि तिन्ही वाचणाऱ्याला वेगळी जागा दाखवतात.

या रचनेचा दुसरा फायदा लिंगाचा. ‘तुम्ही किती थकलेले असता’ म्हटलं की मुलींना त्यात ‘थकलेल्या’ वाचावं लागतं, आणि ‘थकलेले/थकलेल्या’ अशा तिरक्या रेघा मारल्या की फॉर्म सरकारी अर्जासारखा दिसतो. ‘तुम्हाला किती दमायला होतं’ यात ती अडचण मुळातच येत नाही.

‘मूडी’चं उदाहरण तर मी आता माझ्या कार्यशाळांत वापरणार आहे, आगाऊ परवानगी मागते. मूळ प्रश्न आहे, मीटिंगनंतर तुम्ही किती मूडी होता. तुम्ही ‘मूडी’च ठेवलंत, आणि परतभाषांतरात तो शब्द अर्थातच जसाच्या तसा परत आला, शंभर टक्के जुळला. पण मराठीत ‘तो जरा मूडी आहे’ म्हणजे काय? लहरी आहे, मनात आलं तर बोलेल, नाही तर नाही. तो स्वभाव झाला. तासानंतर कुणी ‘मूडी’ होत नाही, मुळात असतो किंवा नसतो. मुलं या अवस्थेला काय म्हणतात? ‘मूड ऑफ होतो.’ तुमच्या समितीत कुणी तरी हा शब्द मराठी नाही म्हणून नाक मुरडेल. मुरडू द्या. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या तोंडी जो शब्द आहे तोच त्याच्या फॉर्ममध्ये हवा.

शेजारचा ‘चिडचिड किती होते’ उत्तम आहे, त्याला हात लावू नका. तिथे मराठी आपल्या बाजूनं आहे. इंग्रजीत डोळ्यांच्या त्रासाला आणि मनाच्या चिडीला एकाच कुळातले शब्द आहेत. आपल्याकडे डोळे चुरचुरतात आणि माणूस चिडचिडा होतो. तुम्ही मात्र डोळ्यांसाठी ‘चिडचिड’ हाच शब्द शब्दकोशातून आणला आहे. ‘डोळ्यांना किती चिडचिड जाणवते’ असं कुठल्याही आईनं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. ‘डोळे किती चुरचुरतात’ करा.

उमेदीच्या गटात ‘नंतरच्या कामांची किती भीती वाटते’ असं आहे. कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, तो म्हणेल भीती परीक्षेची वाटते. तासानंतर उठून बाकीची कामं करायची म्हटली की जे होतं, त्याला आपल्याकडे नेमका वाक्प्रचार आहे: जिवावर येतं. ‘लेक्चरनंतर दुसरं काही करायचं म्हटलं की किती जिवावर येतं?’ त्याच गटातला दुसरा प्रश्न जास्त घातक आहे: ‘किती वेळा काहीच करावेसे वाटत नाही?’ आणि पर्याय आहे ‘कधीच नाही’. काहीच करावंसं वाटत नाही, असं कधीच नाही. म्हणजे करावंसं वाटतं की वाटत नाही? मी स्वतः दोनदा वाचलं. अशा जोडनकारात फार उत्साही मुलगा आणि फार मरगळलेला मुलगा एकाच खणात खूण करतात. ‘नुसतं पडून राहावंसं किती वेळा वाटतं?’ असं केलं की नकारच जातो.

सामाजिक गटाचं दुखणं निराळं आहे. तिथे शब्द एकमेकांना चिकटलेले नाहीत, प्रत्येक प्रश्न वेगळ्या गावाला गेला आहे. ‘सामाजिक प्रसंग टाळता का’ म्हटलं की मराठी माणसाला लग्न, बारसं, गणपतीला घरी आलेले पाहुणे दिसतात. ते टाळायची इच्छा लेक्चर असो-नसो असतेच. ‘एकटे राहावेसे वाटते का’ यात ‘एकटं’ हा शब्द जड आहे. त्याला एकटेपणाचा वास येतो, काही मुलं घाबरून ‘अजिबात नाही’वर खूण करतात. उलट होस्टेलच्या एका खोलीत चौघी राहणारी मुलगी त्याच प्रश्नाला मनापासून ‘अतिशय’ म्हणते, आणि त्यात झूमचा काहीच दोष नसतो. ‘स्वतःसाठी वेळ हवा’ हे तर आता सुभाषित झालं आहे, त्याला नाही कोण म्हणेल? या गटाला मी सर्वांत जास्त वेळ देईन. ‘लेक्चर संपल्यावर कुणाशी बोलणं किती नकोसं वाटतं?’, ‘थोडा वेळ कुणी जवळ नसावं असं किती वाटतं?’ अशा दिशेनं जाऊन बघा. अंतिम उत्तर माझ्याकडे नाही, ते मुलांकडून मिळेल.

‘भावनिकदृष्ट्या थकलेले’ याबाबतही तेच. ‘मन थकून जातं’ आणि ‘कशाचंच काही वाटेनासं होतं’ असे दोन पर्याय माझ्या मनात येतात. दुसरा ऐकायला चांगला आहे, पण तो बधिरतेकडे झुकतो, आणि मूळ प्रश्नात बधिरता नाही. दोन्ही घेऊन मुलांसमोर ठेवा.

उत्तरांच्या पर्यायांवर कुणी वेळ घालवत नाही, म्हणून दोन वाक्यं. तुमच्या फॉर्ममध्ये तिसरा पर्याय ‘बऱ्यापैकी’ आहे. बऱ्यापैकी पाऊस झाला, बऱ्यापैकी मार्क पडले. या शब्दात समाधान आहे, आणि डोळे ‘बऱ्यापैकी’ दुखत नाहीत. शिवाय काहींना तो ‘खूप’च्या जवळ वाटतो, काहींना ‘थोडं’च्या. ‘अजिबात नाही, थोडं, मध्यम, खूप, अतिशय’ ही जुनी पायरी रूक्ष आहे, पण तिचा क्रम कुणी चुकत नाही.

आता परतभाषांतर. १९७० च्या सुमारास रिचर्ड ब्रिस्लिन यांनी ही पद्धत रूढ केली. मूळ भाषेच्या संशोधकाला परक्या भाषेत काय चाललंय हे बघायची खिडकी म्हणून ती उपयोगी आहे. पण तिचा एक अंगभूत दोष आहे: ती शब्दशः भाषांतराला बक्षीस देते. जितकं जास्त यांत्रिक, तितकं परतताना जास्त जुळतं. ‘मूडी’ जुळला. ‘जिवावर येतं’ कधीच जुळणार नाही, आणि तरी तोच बरोबर आहे. म्हणून डॉर्कास बीटन आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेल्या, आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत परतभाषांतर ही फक्त एक पायरी आहे. दोन स्वतंत्र भाषांतरकार, त्यातला एक विषयाशी अनभिज्ञ. दोन्ही मसुद्यांचा मेळ. मग दोन परतभाषांतरं. मग सगळ्यांना एकत्र बसवणारी समिती. आणि शेवटी ३० ते ४० खऱ्या उत्तरदात्यांवर चाचणी. तुम्ही दोन पायऱ्या चढलात आणि थेट गच्चीवर उडी मारलीत.

या सगळ्यातली एकच पायरी परवडत असेल तर मी शेवटची निवडेन, आणि तीही अशी: आठ-दहा विद्यार्थी, एका वेळी एक, चहा पाजून. प्रश्न त्याला मोठ्यानं वाचायला लावायचा. मग विचारायचं, ‘हे तू तुझ्या मित्राला कसं सांगशील?’ आणि ‘खूपवर खूण केलीस, तेव्हा डोळ्यांसमोर काय आलं?’ बस्स. हा दुसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. ‘सामाजिक प्रसंग’ला कुणी ‘मामाच्या मुलीचं लग्न’ म्हणालं की तुमचं काम झालं, तो प्रश्न फेटाळला. मुलं एकाच गावची घेऊ नका. एकदा मराठवाड्यातल्या एका मुलीनं मला सांगितलं, ‘लई कटाळा येतो.’ मी ‘रस नाही’ अशी नोंद करणार होते. ती म्हणत होती, अंग मोडून आल्यासारखं होतं. तिच्या घरी रानातून आल्यावर हाच शब्द वापरतात. पुण्यातल्या समितीला हे कोण सांगणार होतं? दहा जण झाले की दुरुस्त करा, आणखी आठ जणांना विचारा. दुसऱ्या फेरीत नवं काही निघालं नाही की थांबा.

अल्फाचा हिशेब आता करू, तुमच्या गाइडना दाखवायला उपयोगी पडेल. अल्फा दोनच गोष्टींवर हलतो: प्रश्नांची संख्या आणि त्यांच्यातला सरासरी परस्परसंबंध. पंधरा प्रश्नांत हा सरासरी संबंध ०.३ इतका बेताचा असला तरी अल्फा ०.८७ येतो. तुमच्या ०.९३ मागे साधारण ०.४७ चा संबंध आहे. हाच ०.४७ तीन प्रश्नांच्या उपघटकाला लावला तर अल्फा ०.७३ पर्यंत उतरतो. आणि तीन प्रश्न एकाच शब्दाची रूपं असतील, म्हणजे त्यांच्यात ०.८ चा संबंध असेल, तर तीनच प्रश्नांवर ०.९२. म्हणजे चांगली प्रश्नावली आणि एकच प्रश्न तीनदा विचारणारी प्रश्नावली, दोन्ही ०.९ च्या वर जातात. अल्फाला त्यातला फरक कळत नाही, कळावा अशी त्याची रचनाच नाही.

फरक कळतो तो पुष्टीकारक घटक विश्लेषणात. तुमच्या मनात पाच घटकांचा आराखडा आहे, तो आकड्यांवर बसतो का ते बघा. शेजारी एकच घटक मानणारा आराखडाही चालवा आणि दोघांची तुलना करा. उत्तरं पाच पायऱ्यांची आहेत, तेव्हा ती क्रमवाचक, म्हणजे नुसता चढता क्रम सांगणारी, धरून अंदाज काढा. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘लावान’ पॅकेजमध्ये हे फुकट होतं. त्यासाठी निदान तीनेकशे नवे फॉर्म हवेत. हेच २१२ आधी प्रश्न निवडायला आणि मग पडताळायला वापरू नका, ते स्वतःचा पेपर स्वतःच तपासल्यासारखं होईल. नीट दुरुस्त केल्यावरही तीन घटक चिकटलेलेच राहिले, तर मात्र भाषेला दोष देऊ नका. कदाचित आपल्या मुलांचा थकवा खरंच पाच कप्प्यांत विभागलेला नाही. तोही निष्कर्षच आहे, आणि मला तर तो जास्त आवडेल.

मुलगे आणि मुली यांची तुलना तुमच्या आराखड्यात आहे, म्हणून एक इशारा. स्टॅनफर्डच्याच गटानं १०,३२२ जणांच्या अभ्यासात स्त्रियांमध्ये हा थकवा जास्त असल्याचं दाखवलं, आणि त्याचा संबंध पडद्यावर स्वतःचा चेहरा सतत दिसण्यानं येणाऱ्या अस्वस्थतेशी जोडला. तुमच्याकडेही मुलींचे गुण जास्त येतील, आणि हेच स्पष्टीकरण चर्चेच्या प्रकरणात चिकटवायचा मोह होईल. पण कॅमेरा बंद असेल तर आरसा कुठून आला? ‘लेक्चरनंतर दुसरं काही करायचं म्हटलं की’ या प्रश्नात मुलाच्या डोळ्यांसमोर क्रिकेट येतं आणि मुलीच्या डोळ्यांसमोर ओट्यावरचा भांड्यांचा ढीग. प्रश्न एकच, पण दोघांना वेगळा पोचला. म्हणून तुलनेआधी मापन दोन्ही गटांत सारखं चालतं का, याची पायरीपायरीनं तपासणी करा. आधी घटकांची रचना, मग भार (प्रश्न आपल्या घटकाशी किती घट्ट बांधलेला आहे), मग छेद (थकवा सारखाच असताना दोन्ही गट त्या प्रश्नाला सारखंच उत्तर देतात का). ही तपासणी न करता काढलेल्या टी-चाचणीवर, म्हणजे दोन गटांच्या सरासरींच्या तुलनेवर, परीक्षकानं बोट ठेवलं तर उत्तर देता येणार नाही.

‘कमी, मध्यम, तीव्र थकवा’ असे गट पाडायचं मात्र सोडून द्या. या प्रश्नावलीला तशी सीमारेषा नाही. सरासरीच्या एक प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) वर आणि खाली रेघ मारली की गुण साधारण घंटेच्या आकारात असताना दोन्ही टोकांना सोळासोळा टक्के आणि मध्ये अडुसष्ट टक्के येणारच, थकवा असो की बटाट्याचं वजन असो. ‘अडुसष्ट टक्के विद्यार्थ्यांना मध्यम थकवा’ हे वाक्य मी इतक्या प्रबंधांत वाचलं आहे की आता पान उलटायच्या आधी ओळखता येतं.

मग हातातले २१२ फॉर्म? टाकू नका. ती तुमची पूर्वचाचणी आहे, तसंच तिला म्हणा. त्यातून आधी सगळीकडे एकाच पर्यायावर टिक करत गेलेले फॉर्म वेगळे काढा. अशांमुळेही घटक चिकटतात आणि अल्फा फुगतो. ते काढल्यावर तीन घटकांमधला चिकटपणा सैल झाला का बघा. झाला, तर थोडा दोष फॉर्म भरण्याच्या घाईचा होता. नाही झाला, तर बहुतेक सगळा ‘थकलेले’चा. फॉर्म कधी भरले गेले, तेही तपासा. गूगल फॉर्मवर वेळ असतेच. रविवारी दुपारी आठवून दिलेलं उत्तर आणि सलग चार तास संपल्या संपल्या दिलेलं उत्तर एका पंक्तीत बसवता येत नाही. पुढच्या खेपेला सगळ्यांना तासाच्या दिवशीच, संध्याकाळपर्यंत भरायला सांगा. आणि जमलं तर त्याच मुलांना वर्गातल्या तासांबद्दलही हेच प्रश्न विचारा. नाही तर जो थकवा दिसेल तो व्हिडिओचा की सकाळी सातच्या बसचा, हे कळायला वाव नाही.

शब्द बदलले की प्रश्नावली बदलली, तेव्हा नैतिकता समितीला सुधारित मसुदा पुन्हा द्यावा लागेल. मूळ लेखकांनाही एक मेल टाका: मराठी आवृत्ती करते आहे, परवानगी हवी, आणि या चार ठिकाणी शब्दशः न जाता अर्थाकडे गेले आहे, ती कारणं अशी. स्वतःच्या वर्गातल्या मुलांकडून फॉर्म भरून घेत असाल तर वाटप दुसऱ्या कुणाकडे सोपवा. मॅडमच्या फॉर्मवर ‘लेक्चरनंतर मूड ऑफ होतो’ असं कोण लिहील?

फॉर्मच्या शेवटी एक मोकळी ओळ ठेवा: ‘लाइव्ह लेक्चर संपल्यावर नेमकं काय होतं, तुमच्या शब्दांत लिहा.’ मागे अशाच एका कामात मी ती ठेवली होती, आणि सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द होता ‘कान’. इअरफोननं कान दुखतात, कानात गुणगुणत राहतं, रात्री उशीवर कान टेकवत नाही. मूळ पंधरा प्रश्नांत डोळ्यांना तीन जागा आहेत, कानांना एकही नाही. तुमच्याकडेही तेच निघालं, तर कानाचा प्रश्न सोळावा म्हणून जरूर घाला, पण पंधरांच्या खाली, वेगळ्या शीर्षकाखाली, आणि त्याचे गुण एकूण बेरजेत मिळवू नका. नाही तर तुमची बेरीज जगातल्या दुसऱ्या कुठल्याच बेरजेशी ताडून बघता येणार नाही.